तुलाधाराची तागडी



मार्गशीर्षाचे दिवस आले. ज्यांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड आहे त्यांच्या घरी घट बसतील, सहाव्या दिवशी चंपाषष्ठीस तळी उचलली जाईल, आणि चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे भरिताच्या रूपाने रोडग्यासह देवापुढे येईल. या पर्वानिमित्त पत्रिकेसाठी काही निरूपण लिहावे, अशी आज्ञा आमच्या तीर्थरूपांनी आम्हांस केली. देवाची सेवा त्यांची आहे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेच्या पुढे गेले नाही, आणि शास्त्राचे जे चार शब्द कानी पडले ते पूजेची उपकरणी घासता घासता. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आपणच निवडला आहे.

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत मागील बाजूच्या दोन खोल्यांची गोष्ट निघाली. परगावाहून बडोद्यास शिकण्यास येणाऱ्या मुलांना त्या अल्प भाड्याने द्याव्या, हे सर्वांस मान्य झाले. एका मुलाचा अर्ज वाचला गेला. आडनाव उच्चारताच क्षणभर कोणी बोलेना. मग एक वडीलधारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आमचा कोणावर राग नाही. पण त्या लोकांविषयी जे सर्वांस ठाऊक आहे ते आम्हांसही ठाऊक आहे. ठाऊक असणे म्हणजे का पूर्वग्रह?" अर्ज पुढील बैठकीवर टाकण्यात आला.

ते गृहस्थ आम्हांस पूज्य आहेत. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून आम्ही पालखी पाहिली आहे. त्यांनी प्रश्न सरळ मनाने विचारला, म्हणून उत्तरही सरळ मनाने शोधले पाहिजे.

प्रथम त्यांचा पक्ष मांडू. समाजासमाजांविषयी लोकांत समजुती असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. याच बडोद्यात आपले गुजराती शेजारी आपणांस पिढ्यान् पिढ्या 'दक्षिणी' म्हणत आले. दक्षिणी माणूस नोकरी शोधील, पण दुकान मांडणार नाही. गुजराती माणूस झोपेतही हिशेब करील. आणि भट दक्षिणा पाहिल्यावाचून हात उचलणार नाही. ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली, काही हसत हसत उच्चारलीही. यांतील तिसरे वाक्य तर आमच्या घराण्याचेच आहे.

बरे, या वाक्यांत सत्याचा अंशही नाही असे म्हणावे काय? अठराव्या शतकात गायकवाडांच्या पाठोपाठ जी मराठी कुटुंबे इकडे आली, ती शिलेदार, कारकून, शास्त्री आणि पुजारी म्हणून आली. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत पगार, इनाम आणि वर्षासन यांवर कितीतरी चुली पेटल्या. ज्याची चूल दरबाराच्या पगारावर पेटते, तो किराणा मालाचे दुकान कशासाठी मांडील? म्हणजे त्या समजुतीमागे इतिहास आहे. परंतु इतिहास म्हणजे रक्त नव्हे. परिस्थितीने लावलेली सवय परिस्थिती पालटताच पालटते. आज दक्षिणी दुकानदारही या नगरीत आहेत आणि गुजराती प्राध्यापकही आहेत.

समाजाची रीत जाणून घेणे हे पुष्कळदा सौजन्याचेच लक्षण असते. आमच्या शेजारी एक जैन कुटुंब राहते. त्यांच्याकडे प्रसादाचे ताट पाठवावयाचे असेल तर आमच्या मातोश्री सूर्यास्तापूर्वी पाठवितात, आणि त्यात कांदा-बटाटा नाही हे पाहतात. त्यांनी जैनांची रीत जाणली नसती, तर ताट सात्त्विक असूनही परत आले असते. पण त्याच घरातील धाकटा मुलगा कांदा खातो, हेही त्यांना ठाऊक आहे, कारण त्यांनी त्याला विचारले आहे. रीत ठाऊक असावी आणि माणसाला विचारावेही, असा त्यांचा साधा क्रम आहे.

तेव्हा पहिला निर्णय असा की, नुसते ठाऊक असणे हे पाप नव्हे. 'आम्हांस कोणताही भेद दिसतच नाही' असे जो म्हणतो तो बहुधा डोळे मिटून बोलत असतो. मग पाप कोठे सुरू होते?

येथे आपले तर्कशास्त्र साहाय्यास येते. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह पाठशाळेतील मुले आरंभीच हाती घेतात. पर्वतावर धूर दिसला, तेथे अग्नी आहे असे आपण जाणले, हे अनुमान. ते खरे ठरते, कारण जेथे धूर तेथे अग्नी हा नियम कोठेही चुकत नाही. यास व्याप्ती म्हणतात. नियम एका ठिकाणी जरी चुकला, तरी त्यास व्यभिचार म्हणतात आणि अनुमान ढासळते. आता सांगा, 'अमुक जातीचा, म्हणून लबाड' या वाक्यात व्याप्ती आहे काय? त्या जातीतील एक जरी प्रामाणिक मनुष्य आपणांस भेटला असेल, तर नियम मोडला. जे राहिले ते निश्चित ज्ञान नव्हे. ती केवळ संभावना राहिली. संभावनेला निश्चयाच्या आसनावर बसविणे, हे पूर्वग्रहाचे पहिले लक्षण.

त्याच ग्रंथात एक मौजेचे उदाहरण आहे. कोणी म्हणाला, अग्नी थंड असला पाहिजे, कारण तो द्रव्य आहे. शास्त्रकार त्याच्याशी वाद घालीत बसत नाहीत. अग्नीला स्पर्श कर, एवढेच पुरे. प्रत्यक्षाने जे खोटे ठरते त्याचे अनुमान बाधित झाले, असे ते म्हणतात. समोर उभा असलेला मनुष्य हे प्रत्यक्ष आहे, आणि त्याच्या जातीविषयीची समजूत हे अनुमान आहे. मनुष्य समोर असता त्याच्याकडे पाठ करून समजुतीस विचारणे, हे पूर्वग्रहाचे दुसरे लक्षण.

तिसरे लक्षण आम्ही ग्रंथात शिकलो नाही. ते आम्हांस खंडेराव मार्केटात शिकावे लागले.

हे मार्केट आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. 1906 साली सयाजीराव महाराजांनी ते खंडेराव महाराजांच्या नावाने बांधविले. पुढील भव्य इमारतीत महानगरपालिकेची कचेरी, आणि मागे भाजी, फळे व फुले यांचा बाजार. देवाच्या फुलांसाठी आम्ही तेथे लहानपणापासून जातो. दोन वर्षांपूर्वी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आम्ही वांगी घेण्यास गेलो. नेहमीची जागा रिकामी होती, म्हणून एका अनोळखी बाईपुढे उभे राहिलो. तिचा पेहराव आणि बोली यांवरून ती कोणत्या समाजाची हे आमच्या ध्यानी आले. त्या समाजाचे लोक तागडी मारतात, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिने पाच किलो वांगी तोलली. आम्ही म्हणालो, "पुन्हा तोला." चार माणसांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणालो. तिने पुन्हा तोलली. काटा आमच्या बाजूस झुकलेला होता. एक वांगे अधिकच होते. तिने ते काढून घेतले नाही. पिशवी आमच्या हाती देत ती म्हणाली, "महाराज, हवे बाजुवाळाने त्यां पण जोखावजो." महाराज, आता शेजारच्याकडेही तोलून घ्या.

शेजारी झेंडू विकणारा बसला होता. तो आपल्यांपैकी, ओळखीचा, आमच्याशी मराठीत बोलणारा. त्याच्याकडून आम्ही झेंडू घेतला तो न तोलता, त्याने ज्या पुड्यात दिला त्याच पुड्यात. घरी येऊन पुडा सोडला तेव्हा वरची फुले ताजी आणि खालची निम्मी कुजलेली निघाली.

वाचकहो, ती बाई प्रामाणिक निघाली एवढेच या गोष्टीचे तात्पर्य घेऊ नये. समजा, तिचे माप खरोखरच कमी भरले असते, तर आमचे वर्तन योग्य ठरले असते काय? या प्रश्नाने आम्हांस अनेक दिवस सोडले नाही. शेवटी जे दिसले ते असे. तिचे माप कमी भरले असते, तर आम्ही घरी येऊन म्हटले असते, "ते लोक तसेच." फूलवाल्याने मात्र आम्हांस खरोखर फसविले, आणि आमच्या तोंडून शब्द निघाला तो, "हा एक मनुष्य लबाड निघाला." आपल्यांतील दोष त्या एका माणसाच्या नावे मांडावयाचा, परक्यांतील दोष साऱ्या समाजाच्या नावे मांडावयाचा. आपल्यांतील गुण साऱ्या समाजाच्या खाती जमा, आणि परक्यांतील गुण? तो अपवाद म्हणून सोडून द्यावयाचा. आमच्या मनात दोन वह्या होत्या. अशा दोन वह्या ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणतो, हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. पूर्वग्रहाचे तिसरे आणि खरे लक्षण ते हे.

त्या बाईच्या समाजाचे नाव आम्ही येथे मुद्दाम लिहिलेले नाही. लिहिले तर कोणा वाचकाच्या वहीत आणखी एक नोंद होईल.

शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांचे आख्यान आहे. जाजली हा घोर तपस्वी. तो अरण्यात असा निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिले वाढली आणि उडून गेली, तरी तो हलला नाही. मग त्यास वाटले की धर्म आपणांस प्राप्त झाला. तेव्हा वाणी झाली की, वाराणसीचा तुलाधार धर्मात तुझ्याहून श्रेष्ठ आहे, आणि तो सुद्धा असे बोलणार नाही. पक्ष्यांनी न हललेला तपस्वी एका वाण्याच्या नावाने हलला. तो वाराणसीस गेला आणि त्याने तुलाधारास विचारले की, तू रस विकतोस, सुगंधी द्रव्ये विकतोस, मुळे आणि फळे विकतोस. तुला हे ज्ञान कसे प्राप्त झाले? या प्रश्नात जाजलीची वही उघडी पडली आहे. वाणी म्हणजे लोभ, हे त्याने मांडून ठेवले होते. तुलाधाराने वाद घातला नाही. आपली तागडी सर्व भूतांसाठी समान आहे, असे त्याने सांगितले.

तुलाधारास चंदन आणि लाख यांतील भेद कळत नव्हता काय? उत्तम कळत होता. नाही तर व्यापार चाललाच नसता. परंतु तागडी पारड्यात जे आहे त्याचेच वजन सांगते. माल कोणत्या गावचा, कोणत्या हातातून आला, हे ती विचारीत नाही. भेद जाणणे हे तुलाधाराचे ज्ञान होते आणि तागडी समान ठेवणे हा त्याचा धर्म होता. पहिले असून दुसरे नसेल, तर आपण कितीही जटा वाढविल्या तरी जाजलीच राहू.

येथे कोणी म्हणेल की, मनातल्या मनात कोणी काही मांडले, त्याने कोणाचे काय बिघडते? मनातली वही सरकारदरबारी गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढली. त्यांनी हजेरी द्यावयाची आणि परवानगीवाचून गाव सोडावयाचा नाही. सोलापुरास तर त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले; त्या वस्तीचे 'सेटलमेंट' हे नाव लोकांच्या तोंडी आजही आहे. ज्याला हजेरीसाठी जावे लागते त्याला कामावर कोण ठेवील? आणि ज्याला काम नाही त्याने पोटासाठी काही उचलले, की सर्व म्हणणार, "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो काय?" समजूत आपला पुरावा आपणच निर्माण करते, तो असा. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या. परंतु भाषेतून त्या अद्याप मुक्त झालेल्या नाहीत. फसव्या माणसास आपण सहज भामटा म्हणतो. ते एका जमातीचे नाव आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 साली प्रसिद्ध झाले. नोंदवहीच्या दुसऱ्या बाजूस उभा असलेला मनुष्य काय पाहतो, हे ज्यांस जाणावयाचे असेल त्यांनी ही आत्मकथने अवश्य वाचावी.

आणि हे सर्व दूरच्या गावी घडले असे कोणी समजू नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेला एक तरुण, 1917 साली करारानुसार संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी याच बडोद्यात आला. त्याला राहण्यास खोली मिळेना. पारशी मंडळींच्या एका उतारूगृहात पारशी नाव धारण करून तो राहिला. काही दिवसांनी जात उघड झाली, लाठ्या घेतलेले लोक दारी आले आणि त्याला बाहेर पडावे लागले. एक हिंदू स्नेही होता आणि एक ख्रिस्ती स्नेही होता. दोघांकडे त्याने आसरा मागितला आणि दोघांनी आपापली अडचण सांगितली. कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काही तास बसून तो रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. हे वृत्त त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले. तो तरुण म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर.

या प्रसंगात लाठी घेतलेले लोक आपल्या लक्षात राहतात. आम्हांस मात्र त्या दोन स्नेह्यांची अधिक भीती वाटते. त्यांच्या हाती लाठी नव्हती, मनात द्वेषही नसावा. घरातील माणसे काय म्हणतील, नोकर राहतील की जातील, एवढाच त्यांचा विचार होता. 'आमचा कोणावर राग नाही' हे वाक्य त्यांनाही सहज म्हणता आले असते. ज्या नगरीत ही एक खोली नाकारली गेली, त्याच नगरीत आज आपल्या हाती दोन खोल्या आहेत.

आता खंडेरायाकडे वळून निरूपण पुरे करू. ज्याच्या नावाचे ते महाराज आणि ज्यांच्या नावाचे ते मार्केट, त्या मूळ खंडेरायाचा संसार पाहा. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. भक्तपरंपरा शिंपीण आणि माळीण यांचीही नावे घेते. चांदाईला तर मुसलमानही आपली मानतात. लोकगीतांत म्हाळसा आणि बाणाई यांचे भांडण रंगते, आणि त्या एकमेकींना ज्या गोष्टी ऐकवितात त्या सर्व जातीच्या समजुतीच आहेत. हिचे खाणे, तिचे राहणे, हिचा डामडौल, तिची मेंढरे. पिढ्यान् पिढ्या वाघ्या-मुरळी हे भांडण देवापुढेच गात आले आणि देव ऐकत आला. त्याने म्हाळसेचे वाणीपण पुसले नाही, बाणाईचे धनगरपण धुतले नाही. बाणाईसाठी तो स्वतः चाकर होऊन मेंढरे राखीत राहिला. एखाद्या समाजाविषयी खरे काय आहे हे जाणावयाचे असेल, तर त्याच्या मेंढरांमागे काही दिवस चालावे लागते. गडावर बसून ते कळत नाही. जेजुरीस बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. वर म्हाळसेसह बसलेल्या देवाकडे जाणाऱ्यास वाटेत तिचे दर्शन घडतेच.

मग आम्ही करावे काय, असे आपण विचाराल. सावधगिरी सोडावी असे आमचे म्हणणे नाही. बाजारात वजन पाहून घेणे हे शहाणपण आहे. ते सर्वांचे पाहावे, झेंडूवाल्याचेही पाहावे. खोली देताना ओळखीची कागदपत्रे मागावी, अनामत घ्यावी, राहण्याचे नियम लिहून द्यावे. ते प्रत्येक मुलास सारखे असावे. एखाद्या मुलाने नियम मोडला तर त्यास जाब विचारावा, तो त्याच्या नावाने विचारावा. मुलाला समोर बोलवावे, त्याचे बोलणे ऐकावे. सत्यकाम जाबालास गौतमांनी गोत्र विचारले, तेव्हा मुलाने आईने सांगितले तसे खरे सांगितले की, आपले गोत्र ठाऊक नाही. गौतमांनी त्याचे सत्य पारड्यात घेतले आणि त्यास शिष्य केले. प्रश्न विचारल्याने गौतमांस कमीपणा आला नाही. उत्तर ऐकले, म्हणून त्यांस मोठेपण आले.

त्या पूज्य गृहस्थांस आमचे नम्र उत्तर असे आहे. ठाऊक असणे म्हणजे पूर्वग्रह नव्हे. ठाऊक आहे म्हणून आता पाहण्याची आवश्यकता नाही, असे मनाने ठरविले की पूर्वग्रह झाला. अर्जावर आपण जे वाचले ते आडनाव होते. मुलगा अद्याप आपण पाहिलेला नाही.

मंडळाची पुढील बैठक चंपाषष्ठीनंतर आहे. तळी उचलताना जो भंडारा उधळला जातो तो कोणाच्या मस्तकावर पडतो हे पाहत नाही. तो कपाळी लावूनच आपण सर्वांनी बैठकीस यावे, आणि तागडी समान धरण्याचे बळ मल्हारी मार्तंडाने आपणांस द्यावे, अशी प्रार्थना करून ही अल्प सेवा त्याच्या चरणी अर्पण करितो.

येळकोट येळकोट जय मल्हार!